वाटी उथळ, सूर खणखणीत

वरातीच्या बँडमध्ये सगळी वाद्ये एकदम वाजत असली, तरी ट्रंपेटचा आवाज गल्लीच्या टोकालाही ओळखू येतो. पण त्याच बँडमधले दोन ट्रंपेट नीट ऐका. एकाचा सूर खणखणीत, दुसऱ्याचा गोलसर, मऊ. वाद्ये एकाच बनावटीची असली तरी असे होऊ शकते. वाजवणाऱ्याचे ओठ आणि दम यांचा वाटा मोठा असतोच. परंतु आणखी एक कारण ट्रंपेटच्या टोकाला खोवलेल्या, बोटभर लांबीच्या पितळी तुकड्यात दडलेले असते. त्याला माउथपीस म्हणतात.

त्याच्या आत डोकावून पाहा. ओठ टेकतात ती गोल कड. कडेच्या आत एक वाटी, तिचे तोंड साधारण १६ ते १७ मिलिमीटर रुंद. वाटीच्या तळाशी जेमतेम साडेतीन-पावणेचार मिलिमीटरचे भोक, त्याला आपण घसा म्हणू. आणि त्यापुढे हळूहळू रुंदावत जाणारी नळी.

तुतारी असो वा ट्रंपेट, कंप पावतात ते वाजवणाऱ्याचे ओठ. समजा, ते सेकंदाला ४४० वेळा थरथरले. तेवढाच स्वर उमटतो का? नाही. त्याच्याबरोबर ८८०, १३२०, १७६० असे वरचे उपस्वरही निघतात. हे वरचे उपस्वर जोरकस असले की आवाज खणखणीत लागतो. दुबळे असले की मऊ.

आता घरी एक प्रयोग करा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून आडवी फुंकर मारा. मग बाटली अर्धी पाण्याने भरून पुन्हा फुंका. स्वर चढला ना? आतली हवेची जागा कमी झाली की तिचा स्वतःचा स्वर चढतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ्यांचा बारकाईने अभ्यास केला. माउथपीस हीसुद्धा एक बाटलीच: वाटी हे तिचे पोट, घसा ही तिची मान. माउथपीस सुटा काढून त्याच्या तोंडावर तळहात थोपटला, तर ‘टप्’ असा आवाज येतो. तोच त्याचा स्वर. नेहमीच्या ट्रंपेटमध्ये तो सेकंदाला आठ-नऊशे कंपनांच्या आसपास असतो. बाकी सारे तसेच ठेवून वाटीतली जागा निम्मी केली, तर तो सुमारे १.४ पट चढतो. ट्रंपेटचे जे उपस्वर या स्वराच्या आसपास येतात त्यांना बळ मिळते. म्हणूनच वाटी उथळ केली की वरचे उपस्वर उठावदार होतात.

मग सगळेच सर्वांत उथळ वाटी का घेत नाहीत? वाजवताना ओठ थोडेसे वाटीत शिरतात. वाटी फारच उथळ असली तर ते आतल्या भिंतीला टेकतात आणि सूरच बंद पडतो. शिवाय खालचे स्वर पातळ, किरटे वाटू लागतात. वाटीचे तोंड अरुंद घेतले की आवाज आपोआप चमकदार होतो, हीही एक समजूत आहे. तोंडाची रुंदी मुख्यतः ओठांच्या सोयीची बाब. रंग पालटतो तो वाटीच्या खोलीमुळे. तेव्हा कड आहे तीच ठेवून वाटी तेवढी एक पायरी उथळ करावी, हे बरे.

दुकानात मात्र आकड्यांनी गोंधळ होतो. न्यूयॉर्कमध्ये १९१८ साली माउथपीस बनवू लागलेल्या व्हिन्सेंट बाखच्या पद्धतीत आकडा वाढला की तोंड अरुंद होते, आणि ए पासून एफ कडे जाताना वाटी उथळ होत जाते. विद्यार्थ्यांच्या ट्रंपेटबरोबर बहुधा ७सी मिळतो. त्याहून उथळ ७डी, मग ७ई. जपानच्या यामाहाची रीत नेमकी उलटी! तिथे मोठा आकडा म्हणजे रुंद तोंड, आणि ए ही सर्वांत उथळ वाटी.

पारख करताना एखाद्या मित्राला समोर दहा पावलांवर उभे करा. वरचे उपस्वर कर्ण्यातून बरेचसे सरळ पुढे जातात. वाजवणारा कर्ण्याच्या मागे असल्यामुळे त्याच्या कानी ते कमीच पडतात.