बुद्धिबळाच्या पटावरची वीस अंकी संख्या

पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, मग प्रत्येक घरात दुप्पट. ही गोष्ट सांगताना शेवटच्या घरात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे येतात, असे अनेकदा ऐकू येते. ते चूक आहे. ही सगळ्या ६४ घरांची बेरीज, म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १. शेवटच्या घरात २ चा ६३ वा घात इतके दाणे येतात. आधीच्या ६३ घरांत मिळून असतात त्याहून बरोबर एक जास्त.

एवढ्या संख्येला आपल्याकडे नाव नाही, हेही खरे नव्हे. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत, नावे दिली आहेत. आपली संख्या १८४ परार्धांहून थोडी अधिक भरते.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज मात्र अवयवांबद्दलचा आहे. वीस अंक दिसले की मूळ अवयव काढायला संगणकच हवा, असे वाटते. इथे शाळेतले वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र पुरते. ६४ हा घातांक पुन्हा पुन्हा निम्मा होत जातो आणि संख्या आपोआप फुटते: ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७.

यातला प्रत्येक अवयव मूळ आहे, असे गणितज्ञ फर्मालाही वाटले असते. अशा रूपाच्या, म्हणजे २ चा १, २, ४, ८ असा दुप्पट होत जाणारा घात अधिक १, सगळ्याच संख्या मूळ असतात, अशी सतराव्या शतकात त्याची धारणा होती. पहिल्या पाचांपुरती ती खरी ठरते. सहावी संख्या ऑयलरने १७३२ मध्ये फोडली: ६४१ × ६७,००,४१७. तिचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच तयार होतो. अशा मूळ संख्या ओळीने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे पाचव्याच भागाकाराला बाकी शून्य येते! मला हा गणितातला अतिशय सुंदर शोध वाटतो. म्हणजे पटावरच्या संख्येचे एकूण सात वेगवेगळे मूळ अवयव, म्हणून विभाजक १२८.

अवघड काय ते आकारावर ठरत नाही, हे जवळच्याच एका संख्येवरून दिसते. २ चा ६७ वा घात वजा १ ही आपल्या संख्येच्या जेमतेम आठपट. पण ६७ ही मूळ संख्या, त्यामुळे ते सूत्र इथे चालत नाही. मेर्सेनने १६४४ मध्ये ती मूळ असल्याचे म्हटले होते. ल्युकासने १८७६ मध्ये ती मूळ नाही हे सिद्ध केले, तेही एकही अवयव न शोधता. विभाजक सापडल्याशिवाय संख्या संयुक्त ठरवता येत नाही, हा समजही इथे खोटा पडतो. प्रत्यक्ष अवयव फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.