पाच व्होल्टचा माग

सकाळी ७. पळस्पे फाट्यावर गाड्यांची नेहमीची गर्दी. एक रस्ता पुण्याकडे, एक उरणच्या बंदराकडे कंटेनर घेऊन जाणारा आणि एक गोव्याकडचा. इथून सुटलेला हा ६६ क्रमांकाचा महामार्ग थेट कन्याकुमारीपर्यंत जातो, पण आमच्यासाठी तो गोवा रोडच. वडापाव आणि चहा उभ्यानेच उरकला. बॅगेत मीटर, त्याच्या बारीक पिना, कोड वाचायचा स्कॅनर आणि सोल्डरचं सामान होतं. नवा सेन्सर मी मुद्दामच घेतला नाही. तो प्रयोग माझ्याआधी होऊन गेला होता. "ऑइल प्रेशरचा सेन्सर बदलला तरी चेक लाइट जात नाही, लोडवर इंजिन मरतं," एवढंच पोकलेनचे शेठ काल फोनवर म्हणाले होते.

८. गोवा रोडला लागून एका भरावाच्या प्लॉटवर वीस टनी पोकलेन उभं. दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका ढगात अर्धा बुडालेला. रात्रभर पाऊस पडून गेल्यामुळे मुरमाचा चिखल झालेला. मशीनला हात लावण्याआधी मी ऑपरेटरशेजारी बसतो. हा माणूस रोज दहा तास त्या केबिनमध्ये काढतो, मशीनचा आवाज त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

"दादा, लाइट कधी लागते? स्टार्ट केल्या केल्या?"

"नाही हो मिस्त्री. मोकळं फिरवलं तर काहीच नाही. बकेट भरून उचलली की लागते आणि रेस उतरते."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं माप तेच होतं.

९. स्कॅनर जोडला. कोड तीन: १०० वर ४, १०२ वर ४ आणि ३५०९ वर ४. जे-१९३९ या पद्धतीत पहिला आकडा कुठलं सर्किट ते सांगतो आणि दुसरा त्यात काय बिघडलंय ते. १०० म्हणजे ऑइल प्रेशर, १०२ बूस्ट प्रेशर, ३५०९ म्हणजे सेन्सरना जाणारा पाच व्होल्टचा पुरवठा. दुसऱ्या जागी ३ आला तर व्होल्टेज जास्त, ४ आला तर कमी, ५ आला तर सर्किट तुटलेलं. आधीच्या कारागिराने पहिला कोड वाचला आणि सेन्सर बदलला. मला राग येत नाही, वाईट वाटतं. कोड सर्किटचं नाव सांगतो, 'हा भाग खराब आहे' असं तो कधीच म्हणत नाही. आणि दोन सेन्सर एकाच वेळी मेले असं दिसलं, तर त्या दोघांत सामाईक काय आहे ते आधी शोधायचं. इथे सामाईक होती ती पाच व्होल्टची वायर.

१०. चावी ऑन, इंजिन बंद. ऑइल सेन्सरचं कपलर काढलं. आत तीन वायरी: पाच व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. मीटर ५.०१ दाखवतो, म्हणजे पुरवठा ठीक. कपलर परत बसवून सिग्नल बघितला तर ०.५०, तोही ठीक. या सेन्सरची बांधणी मला फार आवडते. दाब शून्य असला तरी तो अर्धा व्होल्ट देतो, पूर्ण दाबाला साडेचार. त्यामुळे खरोखरचा शून्य व्होल्ट आला की ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, लगेच कळतं, दाब गेलेला नाही, वायरीत गडबड आहे. पण आज मीटरवर सगळं चोख होतं. थंड, उभ्या मशीनमध्ये फॉल्ट सापडेना.

साडेअकरापर्यंत एकेक कपलर उघडून बघितलं. पावसाळ्यात इथे पिनांवर हिरवा कार्बन येतो. एका कपलरमध्ये थोडा होता, तो साफ केला. पण लोडचं कोडं त्याने सुटत नव्हतं. वायरीत पिन टोचून बघायचा मोह होतो. मी टोचत नाही. त्या भोकातून पाणी शिरतं आणि चार महिन्यांनी नवा फॉल्ट तयार होतो.

१. डबा खाल्ला. शेठचे दोन फोन येऊन गेले.

२. आता ऑपरेटरच्या वाक्याकडे परत. बकेट भरली की इंजिनवर जोर येतो, आणि रबरी माउंटिंगवर बसलेलं इंजिन थोडं कलतं. मग त्याच्यासोबत हलणारं काय? बॅटरीचा कटऑफ काढला, चावी खिशात ठेवली. ईसीएमचं कपलर आणि पाच व्होल्टच्या वायरीवरचे सगळे सेन्सर सोडवले. मीटर ओहमवर घेऊन एक टोक त्या वायरीला, दुसरं चेसिसला. जोड नाही, म्हणजे बरोबर. मग वायरिंगचा हार्नेस हातात धरून वीत-वीतभर हलवत गेलो, माझा मदतनीस पोरगा मीटरवर डोळे लावून.

"मिस्त्री, आला! चार ओहम!"

इंजिनमागे हार्नेस धरून ठेवणारी एक क्लिप गायब होती. कधीतरी काम करताना काढली असेल आणि परत बसवायची राहिली. लोंबती वायरिंग चेसिसच्या पट्टीवर घासत होती. वरचा फ्लेक्सिबल पाइप फाटलेला, आत एका वायरीचं तांबं उघडं. लोडवर ती पट्टीला टेकायची, पाच व्होल्ट अर्थ व्हायचे आणि त्यावर जगणारे दोन्ही सेन्सर एकदम आंधळे. मग ईसीएम इंजिनला वाचवायला ताकद उतरवायचा. तो आपलं काम चोख करत होता.

४. सोललेला तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर हीट श्रिंक, त्यावर नवा पाइप. नुसती टेप मी मारत नाही, इंजिनच्या उष्णतेत तिचा गोंद वितळतो. क्लिप बसवली. पट्टीची धार कानशीने घासून गोल केली.

५. कपलर लावले, कोड पुसले. ऑपरेटरने ओल्या मुरमात बकेट खुपसली, भरली, उचलली, फिरवली. पाऊण तास. लाइट लागली नाही.

सव्वासहा. ऑपरेटरच्या डब्यात कापडात गुंडाळलेला जुना ऑइल सेन्सर होता. इंजिन बंद करून तो परत बसवला, स्टार्ट करून स्कॅनरवर दाब बघितला. नव्या सेन्सरने दाखवला होता तेवढाच. नवा सेन्सर शेठच्या हातात दिला. पोकलेनवर आता जुनाच आहे.