परसातील सोनमासे आणि वैभववाडीचे पाणी

सिंधुदुर्ग जिल्हा म्हटला की मालवणचा किनारा आणि समुद्रातील किल्ला नजरेसमोर येतो. तथापि याच जिल्ह्यातील वैभववाडी तालुका समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसला आहे. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट त्याला गगनबावड्यामार्गे कोल्हापूरशी जोडतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे पाऊस अक्षरशः कोसळतो. जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान ३ हजार मिलिमीटरच्या घरात आहे. असे असूनही जांभा खडक सच्छिद्र असल्यामुळे आणि भूभाग उताराचा असल्यामुळे हे पाणी टिकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात.

अशा प्रदेशात घराच्या परसात किंवा शाळेच्या आवारात लहानसे तळे बांधून त्यात सोनमासे पाळता येतील काय, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र हे तळे दोन परीक्षांना उतरले पाहिजे. पहिली परीक्षा वैशाखातील टंचाईची आणि दुसरी आषाढातील पुराची. बांधकाम, खाद्य, माशांची निवड या बाबी महत्त्वाच्या असल्या, तरी तळ्याचे यशापयश शेवटी या दोन ऋतूंतील पाण्याच्या व्यवस्थेवर अवलंबून राहते.

सोनमाशाची ओळख

बाजारात ‘गोल्डफिश’ या नावाने मिळणारा सोनमासा हा मूळचा चीनमधील. एक हजार वर्षांपूर्वी तेथील तळ्यांतून राखी रंगाच्या एका कार्प जातीच्या माशांत क्वचित आढळणारे सोनेरी-तांबडे मासे निवडून वेगळे वाढविण्यात आले आणि त्यांतून ही पाळीव जात निर्माण झाली. सोळाव्या शतकात तो जपानमध्ये आणि सतराव्या शतकात युरोपात पोहोचला. आपल्याकडील रोहू, कटला, मृगळ हे मासे ज्या कुळातील आहेत त्याच कुळातील हा मासा होय. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना शोभिवंत माशांची ओळख झाली.

काचेच्या लहान गोल भांड्यात ठेवलेला सोनमासा पाहून तो लहान व अल्पायुषी असतो असा समज झालेला दिसतो. तो बरोबर नाही. मोकळ्या तळ्यात चांगली निगा राखल्यास हा मासा वीतभर किंवा त्याहूनही मोठा होतो आणि दहा-पंधरा वर्षे जगतो. म्हणून तळे बांधणे हा एका हंगामाचा नव्हे, तर दीर्घकाळचा संकल्प समजावा.

जागेची निवड

तळ्यासाठी दिवसातून चार ते पाच तास ऊन मिळेल अशी, किंचित उंचवट्याची जागा निवडावी. आंबा, फणस, काजू यांच्या खाली तळे करू नये. गळालेली पाने पाण्यात कुजतात आणि पाण्यातील प्राणवायू कमी होतो. शेणखताचा खड्डा व गोठा यांपासूनही तळे दूर असावे.

आंबा-काजूच्या बागायतदारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मोहोराच्या दिवसांत फवारली जाणारी काही कीटकनाशके, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे, माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरतात. फवारणीच्या दिवशी तळे ताडपत्रीने पूर्ण झाकावे, तळ्याकडे वारा वाहत असताना फवारणी टाळावी आणि पंप किंवा बादल्या तळ्याच्या पाण्यात कदापि धुऊ नयेत.

बांधणी

एका कुटुंबासाठी ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद तळे पुरेसे आहे. त्यात ७५ सेंटिमीटर पाणी ठेवल्यास साठा साडेचार हजार लिटर होतो. याहून उथळ पाणी उन्हाळ्यात फार तापते. भिंती जांभ्या चिऱ्याच्या बांधाव्यात आणि आतून सिमेंटचा गिलावा करावा. केवळ चिऱ्याच्या बांधणीतून पाणी झिरपते. शेततळ्यासाठी वापरला जाणारा जाड प्लॅस्टिकचा कागद हा त्याला दुसरा पर्याय आहे.

काठ जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर वर आणावा. त्यामुळे अंगणातील गढूळ पाणी आत येत नाही आणि लहान मूल सहजासहजी पाण्यात पडत नाही. घरात किंवा शाळेत लहान मुले असतील तर काठावर विसंबून न राहता तळ्यावर भक्कम जाळी बसवावी. गुडघाभर पाणीही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. याच जाळीमुळे खंड्या, ढोकरी आणि बगळा यांच्यापासून माशांचेही रक्षण होते.

पाणी मुरविणे

नव्या सिमेंटमधून चुन्याचा अंश पाण्यात उतरतो आणि अशा पाण्यात सोडलेले मासे मरतात. यासाठी तळे पूर्ण भरून आठवडाभर ठेवावे, मग रिकामे करून घासावे. असे तीन वेळा करावे. पाण्यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून ठेवण्याची पद्धत मत्स्यपालक अनुसरतात. मासे सोडण्यापूर्वी हे तुकडे काढून टाकावेत.

त्यानंतर मात्र उलट अडचण येते. जांभ्याच्या प्रदेशातील विहिरीचे व पावसाचे पाणी मृदू आणि बहुधा किंचित आम्लधर्मी असते. सोनमाशाला किंचित अल्कधर्मी पाणी मानवते. किनाऱ्यावर सहज मिळणाऱ्या तिसऱ्यांच्या शिंपल्या स्वच्छ धुऊन जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात ठेवाव्यात. त्या हळूहळू विरघळून पाण्याचा आम्लपणा कमी करतात. नळाचे किंवा टीसीएल टाकलेल्या विहिरीचे पाणी निदान एक दिवस उघड्या पिंपात, उन्हात ठेवूनच वापरावे.

मासे किती व कोणते

उघड्या तळ्यासाठी साधा सोनमासा, कॉमेट किंवा शुबुंकिन या काटक जाती योग्य होत. फुगीर डोळ्यांच्या किंवा डोक्यावर मांसल टोपी असलेल्या ओरांडासारख्या जाती मंदगती व नाजूक असल्याने टाळाव्यात. साडेचार हजार लिटरच्या तळ्यात बारा ते पंधरा मासे पुरेत, परंतु ते एकदम सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून निर्माण होणारा अमोनिया विषारी असतो. त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे सूक्ष्म जीव पाण्यात वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आरंभी चारच मासे सोडावेत आणि महिना-दीड महिन्याने बाकीचे.

मासे आणलेली पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे होते. पुढे नवे मासे आणल्यास ते दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून, रोगाचे लक्षण नसल्यासच तळ्यात सोडावेत.

खाद्य व निगा

दिवसातून दोनदा, तीन-चार मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड समभाग घेऊन, त्यात मिठाविना सुकविलेल्या जवळ्याची थोडी पूड मिसळल्यास घरचे खाद्य तयार होते. अंगावर पाऊस असलेल्या ढगाळ दिवसांत खाद्य निम्म्यावर आणावे. उरलेले खाद्य कुजून पाणी नासते. उपाशी राहून मरणाऱ्या माशांपेक्षा अतिखाद्याने मरणारे मासे अधिक असतात.

कमळ किंवा कुमुदिनी यांच्या एक-दोन कुंड्या तळाशी ठेवाव्यात. पानांनी एक-तृतीयांश पृष्ठभाग झाकला गेला तरी पुरे. जलपर्णी मात्र फुले सुंदर दिसतात म्हणून आणू नये. तिने राज्यातील अनेक नद्या व तलाव ग्रासले आहेत. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर पाण्यातील प्राणवायू कमी झाला आहे असे समजावे. अशा वेळी थोडे पाणी बदलावे व तळ्यातीलच पाणी बादलीने उंचावरून पुनःपुन्हा ओतावे.

सोनमासे डासांच्या अळ्या खातात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचे आवाहन करतो, परंतु तळे काही दर आठवड्याला रिकामे करता येत नाही. म्हणून मासे मेल्यानंतर तळे तसेच भरलेले सोडणे म्हणजे डासांना आमंत्रण देणे होय. मासे ठेवावयाचे नसतील तर तळे कोरडे करावे.

उन्हाळ्याचा हिशेब

तळे बांधण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने पुढील हिशेब करून पाहावा. एप्रिल-मे महिन्यांत दररोज ५ मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे धरल्यास ६ चौरस मीटरच्या तळ्यातून रोज ३० लिटर, म्हणजे आठवड्याला २१० लिटर पाणी उडून जाते. पाणी स्वच्छ राखण्यासाठी आठवड्यातून एकदा दहावा हिस्सा, म्हणजे ४५० लिटर पाणी बदलावे लागते. एकूण गरज आठवड्याला ६६० लिटर होते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण मानले आहे. त्या हिशेबाने पाच माणसांच्या कुटुंबाला आठवड्याला १,९२५ लिटर पाणी लागते. म्हणजे हे तळे कुटुंबाच्या पाण्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक पाणी मागते.

ज्या वाडीत मे महिन्यात बायाबापड्यांना डोक्यावर हंडे घेऊन चढ चढावा लागतो, तेथे एवढे तळे बांधणे उचित नव्हे. तेथे २ मीटर लांब, दीड मीटर रुंद व ६० सेंटिमीटर खोल तळ्यावर समाधान मानावे. त्यात चार-पाचच मासे ठेवावेत. त्याची गरज आठवड्याला तीनशे लिटरच्या आत राहते. माडाच्या झापांचे छप्पर केल्यास बाष्पीभवन आणखी घटते. बदललेले पाणी वाया जात नाही. त्यात खताचा अंश असल्याने माडाच्या, केळीच्या किंवा अळूच्या अळ्यात ते सोडावे. जे पाणी एरवी झाडांना घालावयाचेच आहे, ते आधी तळ्यातून फिरवून आणले तर तळ्याचा खरा भार केवळ उडून जाणाऱ्या पाण्याचा उरतो.

पावसाळा आणि चढणीचे मासे

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. ६ चौरस मीटरच्या तळ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ६०० लिटर पाणी वाढते. घाटाखालच्या या पट्ट्यात एका दिवसात एवढा पाऊस ही नवलाची गोष्ट नव्हे. तळे काठावरून वाहू लागले की मासे त्याबरोबर अंगणात, तेथून गडग्यापलीकडच्या व्हाळात आणि व्हाळातून शुक नदीसारख्या मोठ्या प्रवाहात जाऊ शकतात.

त्यात बिघडले काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर कोकणातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असलेल्या एका घटनेत आहे. मृगाच्या पहिल्या जोरदार सरी आल्या की नदीतील मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध व्हाळांत आणि भातखाचरांत चढतात. हेच चढणीचे मासे. नेमक्या याच दिवसांत परसातील तळी भरून वाहण्याचा संभव असतो. सोनमासा तळाचा गाळ उकरून पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो आणि इतर माशांची अंडीही खातो. त्याला पोसण्यासाठी स्वच्छ प्रवाहच हवा असे नाही. इतर मासे जेथे तगत नाहीत अशा कमी प्राणवायूच्या पाण्यातही तो तग धरतो.

ही भीती काल्पनिक नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील व्हास नदीत लोकांनी सोडून दिलेले सोनमासे दोन किलोच्या आसपास वजनाचे झाले. तेथील संशोधकांना एका माशाने वर्षभरात सुमारे २३० किलोमीटर प्रवास केल्याचे आढळले. अमेरिकेतील बर्न्सव्हिल शहराच्या प्रशासनाने २०२१ साली तलावातील असे मोठे मासे बाहेर काढून, पाळीव मासे तलावात सोडू नका, असे जाहीर आवाहन केले होते. आपल्या देशातही १९५२ साली आणलेला तिलापिया अनेक जलाशयांत पसरला आणि आफ्रिकन मागूर या माशाच्या संवर्धनावर २००० साली केंद्र शासनाला बंदी घालावी लागली. आलेला परका मासा नदीतून पुन्हा वेचून काढता येत नाही, हाच या सर्वांचा अनुभव आहे.

उपाय अवघड नाहीत. काठाच्या २० सेंटिमीटर खाली निर्गमनळी बसवावी. तिच्या तोंडाशी पाला अडविणारी मोठी जाळी व तिच्या आत पिल्ले अडविणारी बारीक जाळी, अशा दोन जाळ्या असाव्यात. पावसाळ्यात त्या रोज साफ कराव्यात, अन्यथा नळी तुंबून पाणी काठावरून जाईल. नळीचे पाणी दगड-वाळूने भरलेल्या शोषखड्ड्यात किंवा बागायतीत सोडावे, व्हाळात नव्हे. मे महिनाअखेर तळ्यातील पाणी बरेच खाली आणून ठेवावे, म्हणजे पहिल्या सरी तळ्यातच मावतात. नको झालेले मासे नदी, विहीर किंवा पाणवठ्यात न सोडता दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत.

ग्रामपंचायत आणि शाळा

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धनाचा समावेश करण्यात आला. छंदाबरोबर उत्पन्नाचाही विचार करणाऱ्यांनी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे प्रचलित तरतुदींची चौकशी करावी. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून कार्यरत असलेले मत्स्य महाविद्यालय हे या विषयाचे कोकणातील शिक्षणकेंद्र आहे.

ग्रामपंचायतींनी अशा तळ्यांना आडकाठी करण्याचे कारण नाही. मात्र तळ्याचे जादा पाणी कोठे जाते आणि मे महिन्यात पाणी कोठून येते, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. जैवविविधता कायदा २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती अभिप्रेत आहे. गावच्या व्हाळातील मासे, त्यांची मालवणी नावे आणि ते कोणत्या नक्षत्रात चढतात, याची नोंद या समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत व्हावयास हवी. शिक्षकांना यासाठी शाळेचे तळे उत्तम साधन ठरेल. विद्यार्थ्यांनी आठवड्याला पाण्याची पातळी मोजावी, किती पाणी उडाले व किती भरले याचा तक्ता भिंतीवर लावावा आणि आजीआजोबांना विचारून व्हाळातील माशांची यादी करावी.

परसातील तळ्यात चमकणारा सोनमासा घराची शोभा वाढवितो यात शंका नाही. पण वैभववाडीच्या व्हाळात मृगाच्या सरीबरोबर चढणारा साधा, राखी रंगाचा मासा हे या भूमीचे धन आहे. एकाची हौस करताना दुसऱ्याचे घर मोडणार नाही एवढी दक्षता प्रत्येक तळ्याच्या मालकाने घ्यावी. त्यासाठी खर्च फार नाही. दोन जाळ्या, एक शोषखड्डा आणि पाण्याचा चोख हिशेब एवढे पुरेसे आहे.