दाताची नागपूर बाजू

हिंगणघाटच्या एका वाचकाने विचारलंय, डॉक्टरांनी केसपेपरवर ‘३६ एमओ’ लिहिलंय, ते काय? ३६ सोपं आहे. तोंडाच्या चार भागांपैकी खालचा डावा तिसरा. त्यात मधल्या रेषेपासून सहावा दात. म्हणजे वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी, आईबाप हमखास दुधाची समजतात ती कायमची दाढ. गंमत ‘एमओ’त आहे.

दातांची रांग वळत जाते, त्यामुळे डावी-उजवी, पुढची-मागची म्हणून भागत नाही. वर्धा स्टेशनावर कुणी तसं बोलतही नाही. ‘डबा नागपूर बाजूला लागेल,’ म्हणतात. रूळ कुठेही वळोत, नागपूर बाजू बदलत नाही. दातांचं नागपूर म्हणजे समोरच्या दोन दातांमधली रेषा. तिच्याकडची बाजू मिझियल, उलटीकडची डिस्टल. एकाची मिझियल शेजाऱ्याच्या डिस्टलला टेकते. दोन मिझियल एकमेकींना भेटतात त्या फक्त मधल्या रेषेवर, आणि अक्कलदाढेच्या डिस्टलला शेजारच नाही. शिवाय गालाकडची बकल, जिभेकडची लिंग्वल, चावायची ऑक्लुझल. तेव्हा एमओ म्हणजे कीड मिझियल आणि ऑक्लुझल अशा दोन बाजूंना आहे.

हे नुसतं पाठ करून जमत नाही. सावंगी मेघेच्या शरद पवार दंत महाविद्यालयात काय किंवा मुंबईत काय, बीडीएसच्या पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावे लागतात. मिझियल बाजूचा फुगीरपणा चुकून डिस्टलला गेला, की डावी दाढ उजवी दिसू लागते!

या शिस्तीचं मोठं श्रेय ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक या अमेरिकन दंतवैद्याचं. शाळा जेमतेम झालेली, पण १८९० मध्ये त्याने मानवी दातांचं बाजूनिहाय वर्णन करणारं पुस्तक लिहिलं. परीक्षेला त्याचं नाव येतं ते किडीच्या वर्गीकरणासाठी. माझ्या मते ते वर्गीकरण उभं आहे ते या वर्णनावर: कीड कुठल्या बाजूला, यावरच तर त्याचे वर्ग पडतात.

मोबाइलवर दाताचा फोटो काढा, एआय कीड सांगेल, अशा जाहिराती हल्ली दिसतात. दोन दाढा जिथे टेकतात त्याच्या जरा खाली, हिरडीच्या बाजूला, मिझियलची कीड सुरू होते. तिथे ब्रश पोहोचत नाही, कॅमेरा कुठून पोहोचणार? त्यासाठी दातांत पट्टी धरून काढायचा छोटा एक्स-रेच लागतो.