साडेतीन एकरांचं हॉलंड

१६४० साली जपानच्या हिरादो बंदरात एक नवीकोरी दगडी वखार पाडण्यात आली. बांधकामात काही खोट नव्हती. तिचा गुन्हा एवढाच, की ती ज्या साली बांधली ते साल दर्शनी भिंतीवर कोरलं होतं: १६३९. ख्रिस्तजन्मापासून मोजलेलं साल म्हणजे ख्रिस्ती धर्माची खूण, आणि ती जपानच्या भूमीवर चालणार नाही, असा शोगुनचा, म्हणजे तिथल्या लष्करी शासकाचा, हुकूम घेऊन इनोऊए मासाशिगे नावाचा अधिकारी आला होता. वखार होती डच ईस्ट इंडिया कंपनीची. तिथला प्रमुख फ्रान्स्वा कारों याने हुकूम ऐकून घेतला, मान लववली आणि स्वतःच्याच माणसांना वखार पाडायला लावलं.

ही कंपनी कोण होती ते आठवलं, की या लववलेल्या मानेचं नवल वाटू लागतं. १६०२ साली स्थापन झालेल्या या कंपनीला युद्ध करायचे, तह करायचे, किल्ले बांधायचे अधिकार होते. जायफळाचा मक्ता हातात ठेवण्यासाठी तिने १६२१ मध्ये इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर जवळजवळ सगळी वस्ती संपवली. लोक मारले, उपाशी ठेवले, गुलाम करून नेले. आपल्या कोकणातही ती येऊन बसली होती. गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवण्यासाठी १६३७ च्या सुमारास तिने वेंगुर्ल्यात ठाणं मांडलं, आणि तिथल्या डच वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. त्या वर्षांत तिची जहाजं गोव्याच्या तोंडाशी उभी राहून पोर्तुगिजांची कोंडी करत होती. इथे तोफा डागणारी कंपनी तिथे एका आकड्यासाठी आपलीच इमारत पाडते!

कारोंला वेड लागलं नव्हतं. तो १६१९ साली एका जहाजावरचा स्वयंपाक्याचा मदतनीस म्हणून जपानला आला, तिथेच राहिला, भाषा शिकला, संसार थाटला आणि चढत चढत प्रमुख झाला. या देशात नाही म्हणण्याची किंमत काय असते, हे त्याला इतर कुठल्याही डच माणसापेक्षा जास्त कळत होतं. त्याच वर्षी मकावहून पोर्तुगिजांचं एक शिष्टमंडळ नागासाकीला आलं होतं; जपानमधून झालेली आमची हकालपट्टी मागे घ्या, व्यापार पुन्हा सुरू करा, अशी विनवणी करायला. शोगुनच्या माणसांनी त्यातल्या ६१ जणांची डोकी उडवली आणि १३ जणांना जिवंत परत पाठवलं, ते मकावला निरोप पोचवण्यापुरतं. (पुढे याच कारोंने डचांशी बिनसल्यावर फ्रेंचांची चाकरी धरली आणि १६६८ मध्ये सुरतेत फ्रेंचांची वखार उभी केली. आशियाई दरबारांत कसं वागावं, याचा अनुभव तेव्हाही खपत होता.)

पोर्तुगिजांवर एवढा राग का? त्यांच्या जहाजांतून मालाबरोबर पाद्री उतरत होते. ज्यांचा देह आज जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये आहे, ते फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरले आणि पुढच्या अर्धशतकात जपानमध्ये लाखोंनी धर्मांतरं झाली. नुकताच देश एका छत्राखाली आणलेल्या तोकुगावा शोगुनना यात निष्ठेचा प्रश्न दिसला. ज्याचा अंतिम धनी रोममध्ये बसतो, तो सरदार आपला कसा? १६३७ मध्ये शिमाबारा भागातले शेतकरी करांच्या जाचाने उठले. त्यांच्यात ख्रिस्ती बहुसंख्य होते. उठाव चिरडताना शोगुनच्या माणसांनी डचांकडे मदत मागितली, आणि प्रॉटेस्टंट डचांनी जहाज नेऊन त्या ख्रिस्ती बंडखोरांच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. धर्म आणि धंदा यांतलं काय आधी, याचं त्यांनी दिलेलं उत्तर जपान्यांनी नीट पाहून ठेवलं.

१६४१ मध्ये डचांना हिरादोतून उचलून नागासाकीच्या देजिमावर आणून बसवलं. देजिमा हे खाडीत भराव घालून केलेलं, पंख्याच्या आकाराचं कृत्रिम बेट. मुळात ते पोर्तुगिजांना कोंडण्यासाठी, नागासाकीच्याच सावकारांकडून पैसे घेऊन बांधलं होतं. पोर्तुगीज गेल्यावर ते रिकामं पडलं. क्षेत्रफळ तीन-साडेतीन एकर, म्हणजे कोकणातली एखादी बेताची हापूसची बाग. किनाऱ्याशी जोडणारा एकच पूल, त्यावर पहारा. डचांनी या जागेचं वर्षाला ५५ कान, म्हणजे दोनशे किलोंहून जास्त चांदीचं भाडं भरायचं.

आणि नियम तरी किती. जहाज बंदरात आलं की त्यावरची बायबलं आणि प्रार्थनेची पुस्तकं पेटीत बंद करायची. दारूगोळा उतरवून द्यायचा. परवानगीशिवाय पूल ओलांडायचा नाही. पुलाजवळच्या पाटीवर लिहिलेलं असे, की गणिका सोडून इतर स्त्रियांना आत मज्जाव आहे. प्रमुखाने दरवर्षी बदलायचं, म्हणजे कोणी फार रुळायला नको आणि फार ओळखी व्हायला नकोत. बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, पावसाळी वाऱ्यावर उन्हाळ्याच्या अखेरीस जहाजं यायची आणि थंडीआधी परतायची. तेवढे महिने गजबज. मग दहा-पंधरा डच, त्यांचे नोकर, काही गुरं-शेळ्या आणि समोर दिसणारं, पण पाय ठेवता न येणारं शहर. बोलायला जपानी दुभाषे. पिढीजात पेशा, बापाकडून मुलाकडे आलेला. डचांनी जपानी शिकावं असं सरकारला मुळीच वाटत नव्हतं; आपल्या माणसांनी डच शिकावी, एवढं पुरे होतं.

वर्षातून एकदा मात्र पूल ओलांडायचा हुकूमच असे. प्रमुख, वैद्य आणि एखाद-दोन कारकून एवढ्यांनी हजार किलोमीटरांहून लांब एदोला, आजच्या तोक्योला, जाऊन शोगुनला मुजरा करायचा. जायला-यायला मिळून तीनेक महिने. हा प्रवास १६९१ आणि १६९२ मध्ये एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्याने केला आणि लिहून ठेवला. तेव्हाचा शोगुन त्सुनायोशी, जो कुत्र्यांना मारण्यावर कडक बंदी घातल्यामुळे इतिहासात ‘कुत्र्यांचा शोगुन’ म्हणून राहिला. औपचारिक मुजऱ्यात प्रमुखाने गुडघे-हात टेकून पुढे सरकायचं, कपाळ जमिनीला लावायचं आणि खेकड्यासारखं मागे यायचं. एवढ्यावर सुटका नव्हती. पडद्याआड शोगुन आणि जनानखान्यातल्या स्त्रिया बसायच्या, आणि पाहुण्यांना फर्माईश व्हायची: अंगरखा काढा, चालून दाखवा, एकमेकांना नमस्कार करा, उड्या मारा, नाचा, गा, प्यायलेल्या माणसासारखं झोकांड्या देत चाला. केम्फरने गाणंही म्हटलं आणि नाचूनही दाखवलं. वैद्य म्हणून त्याला विचारलं गेलं, की दीर्घायुष्याचं औषध तुमच्याकडे सापडलं का? त्याने एक लांबलचक लॅटिन नाव ठोकून दिलं, आणि ते लगेच उतरवून घेण्यात आलं.

मुघल दरबारातही युरोपीय वकील नजराणे घेऊन तिष्ठत उभे राहत. पण तिथे ते निदान वकील होते. एदोत त्यांची गणती व्यापाऱ्यांत, आणि त्या समाजात व्यापाऱ्याची पायरी शेतकरी-कारागिरांच्याही खाली.

हे सगळं सोसायचं कशासाठी? चांदीसाठी, आणि नंतर तांब्यासाठी. युरोपात बनणाऱ्या मालाला आशियात फारसं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून कंपनीचा खरा धंदा आशियातल्या आशियातच चाले. चीन, तोंकिन आणि बंगालचं रेशीम, सयामची हरणाची कातडी, साखर, कोरोमंडल आणि गुजरातचं सुती कापड हे जपानला न्यायचं. बदल्यात धातू घ्यायचा. तो धातू भारतात विकून पुन्हा कापड घ्यायचं आणि त्या कापडाने इंडोनेशियात मिरी-मसाले. १६६८ मध्ये शोगुनने डचांना चांदी न्यायला बंदी केली, तेव्हा तांब्याने तिची जागा घेतली. सुरत, बंगाल, कोरोमंडल इथल्या बाजारांत जपानी तांब्याच्या कांड्या उतरू लागल्या. त्या तांब्याची इथे भांडी झाली, तोफा झाल्या, नाणी झाली. उलट दिशेने गेलेलं कोरोमंडलचं पट्ट्यांचं कापड एदोच्या शौकिनांना इतकं भावलं, की जपानी विणकर त्याची नक्कल करू लागले. आपल्याकडचा कोष्टी आणि तिकडचा खाणकामगार, दोघांनी एकमेकांचा देश पाहिला नव्हता.

या काळातल्या जपानला ‘बंद देश’ म्हणायची सवय लागली आहे. ती मला फारशी पटत नाही. नागासाकीतच चिनी व्यापाऱ्यांची वेगळी वस्ती होती आणि त्यांचा व्यापार डचांपेक्षा मोठा होता. कोरियाशी त्सुशिमामार्गे, ऱ्युक्यू बेटांशी सात्सुमामार्गे देवघेव चालू होती. दारं बंद नव्हती. प्रत्येक दाराची किल्ली कोणाकडे ठेवायची हे सरकारने ठरवलं होतं. किती न्यायचं तेही तेच ठरवी. आपलं तांबं वाहून चाललंय हे ध्यानात आल्यावर १७१५ मध्ये हुकूम निघाला, की डचांची वर्षाला दोनच जहाजं येतील. कंपनी कुरकुरली आणि दोन जहाजं पाठवू लागली.

मालाबरोबर माहितीही मोजून घेतली जाई. जहाज आलं की दुभाषे बातम्या विचारत: युरोपात कोण कोणाशी लढतंय, भारतात, चीनकडे काय चाललंय? त्याचा लेखी गोषवारा एदोला जाई, तोही दरवर्षी, दोन शतकांहून जास्त काळ. आणि १७२० मध्ये योशिमुने या शोगुनने परदेशी पुस्तकांवरची बंदी सैल केली. पंचांग अचूक हवं होतं, रोगांवर इलाज हवे होते, म्हणून. धर्माचं सोडून बाकीचं आता चालणार होतं.

त्याचं फळ पन्नास वर्षांनी एदोच्या वधस्थळी दिसलं. १७७१ च्या वसंतात सुगिता गेनपाकू, माएनो ऱ्योताकू आणि नाकागावा जुन्आन हे वैद्य एका देहदंड झालेल्या बाईच्या शवाचं विच्छेदन पाहायला गेले. सुगिता आणि माएनो यांनी एकमेकांना न सांगता एकेक पुस्तक बरोबर आणलं होतं. दोन्ही पुस्तकं उघडली, तर ती एकच निघाली: कुल्मुस या जर्मन वैद्याच्या शरीररचनेच्या तक्त्यांचा डच अनुवाद. शव कापायचं काम समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या वर्गातल्या, नव्वदीच्या एका म्हाताऱ्याकडे होतं. तो एकेक अवयव काढून दाखवत होता आणि हे पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहत होते. फुप्फुस, यकृत, आतडी, सगळं चित्रात होतं तसंच. पिढ्यान्‌पिढ्या शिकत आलेल्या चिनी ग्रंथांतलं मात्र जुळत नव्हतं. त्या म्हाताऱ्याने आयुष्यभर ही शवं कापली होती. अमक्या ठिकाणी हे असतं, हे त्याला पाठ होतं. पण यांच्याआधी ते पाहायला आलेल्या कोणाही वैद्याला पुस्तकाशी फरक पडतो याची शंका आली नव्हती, असं सुगिताने नंतर लिहिलं.

घरी परतताना त्यांनी ठरवलं, की हे पुस्तक जपानीत आणायचं. दुसऱ्याच दिवशी माएनोच्या घरी ते जमले. अडचण एकच: सुगिताला डच मुळाक्षरंसुद्धा येत नव्हती. माएनो नागासाकीला जाऊन थोडे शब्द शिकून आला होता, तेवढीच शिदोरी. कोश नाही, गुरू नाही. शरीराच्या चित्रातल्या एखाद्या अवयवाच्या नावापासून सुरुवात करायची आणि मजकुरात तेच नाव शोधत पुढे जायचं. कधी दिवस जाई आणि एक ओळही सुटत नसे. तरी १७७४ मध्ये ‘काइताई शिन्शो’ छापून बाहेर पडलं आणि त्यामागोमाग डच विद्येच्या शाळा, कोश, खगोल, भूगोल, रसायन अशी रीघ लागली. पंख्याएवढ्या बेटावर कोंडलेल्या व्यापाऱ्यांच्या भाषेचा शेकडो किलोमीटर दूरच्या शहरांत अभ्यास होऊ लागला, आणि त्या विद्यार्थ्यांतल्या बहुतेकांनी कधी डच माणूस पाहिलाही नव्हता.

दरम्यान खुद्द हॉलंडचेच दिवस फिरले. १७९९ मध्ये कंपनी बुडाली. देश नेपोलियनच्या घशात गेला, १८११ मध्ये जावा इंग्रजांनी घेतलं. देजिमाला जहाजं यायची बंद झाली. त्याआधी काही वर्षं तर अमेरिकी जहाजं भाड्याने घेऊन त्यांवर डच निशाण चढवून काम भागवलं होतं. १८०८ मध्ये ‘फेटन’ हे इंग्रजी लढाऊ जहाज खोटं डच निशाण लावून नागासाकीत घुसलं, डचांची माणसं धरून अन्नपाणी उकळलं आणि निघून गेलं. बंदराची राखण झाली नाही म्हणून नागासाकीचा अधिकारी मात्सुदायरा यासुहिदे याने पोट चिरून घेतलं. देजिमाचा प्रमुख हेन्ड्रिक डूफ मात्र जागा सोडायला तयार नव्हता. १८१३ मध्ये जावाचा इंग्रज कारभारी रॅफल्स याने बेट ताब्यात घ्यायला जहाजं पाठवली, तरी डूफने बेट सोडलं नाही. मायदेश नकाशावरून पुसला गेला असताना त्याचं निशाण या साडेतीन एकरांवर फडकत राहिलं. रिकाम्या वर्षांत डूफ जपानी दुभाष्यांना हाताशी धरून डच-जपानी कोश करत बसला.

१८५२ मध्ये देजिमावरून एदोला एक बातमी गेली, की अमेरिकी आरमार येऊ घातलं आहे. पुढच्या वर्षी त्या आरमाराचा प्रमुख पेरी याची काळी जहाजं एदोच्या खाडीत उभी राहिली, म्हणजे सरकारला आधीच सूचना मिळालेली होती. तोफांपुढे तिचा उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

१८५९ मध्ये योकोहामा परदेशी व्यापाऱ्यांना खुलं झालं, तेव्हा फुकुझावा युकिची हा तरुण एदोहून पायी तिकडे गेला. डच विद्येत तो पारंगत होता, तिची शाळाही चालवत होता. योकोहामात त्याला एकाही दुकानाची पाटी वाचता येईना, सगळं इंग्रजीत. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली, असं वाटून तो परतला. दुसऱ्या दिवसापासून त्याने इंग्रजी धरली. शिकवणारा कोणी सापडेना, तेव्हा त्याने एक कोश मिळवला आणि त्यावर एकेक शब्द लावत बसला. तो कोश होता डच-इंग्रजी.