फट बुजावी, दात राहावा

खामगावची पेठ चांदीसाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली आहे. परंतु पाऱ्याशी खलून दंतवैद्य जी चांदी किडक्या दाढेत ठासीत, ती दाताला आपण होऊन कधी चिकटत नसे, आणि तिला धरून ठेवण्यासाठी तोंडाशी अरुंद व आत रुंद असा खड्डा कोरताना निरोगी दातही नाहक खर्ची पडे. समोरच्या दातांतील फट झाकावयाची, तर दात चहूबाजूंनी कातून त्यावर टोपी चढविण्याची वहिवाट होती.

तिला पहिला शह अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दिला. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत वापरले जाणारे फॉस्फरिक आम्ल त्यांनी दंतवल्कावर, म्हणजे वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेल्या कवचावर, अर्धा मिनिट लावून पाहिले. पृष्ठभागी केसाच्या जाडीहून उथळ अशी सूक्ष्म छिद्रे पडली, आणि त्यांत शिरून घट्ट झालेली राळ जखडून बसली. पुढे राफेल बोवेन यांच्या राळमिश्रणाने आजच्या दातरंगी कॉम्पोझिटचा पाया घातला.

आता बुलढाण्यातला दंतवैद्य लाळ अडविण्यासाठी रबराचा पडदा बसवून ३७ टक्क्यांचे आम्ल काही सेकंद लावतो. धुऊन वाळविल्यावर दात खडूसारखा निस्तेज दिसला, की काम नीट झाले. मग जोडद्रव्य, त्यावर दोन मिलिमीटरांहून पातळ थर, आणि प्रत्येक थरावर निळा प्रकाश. दोन मिलिमीटरांची फट दोन्ही दातांत निम्मी-निम्मी वाटून घ्यावी लागते, अन्यथा एकच दात फताडा दिसतो. फट फारच मोठी असेल, तर आधी तारा लावून दात सरकविणेच इष्ट.

तथापि कारण न शोधता फट बुजविणे हा उतावळेपणा होय. सात ते बारा वर्षांच्या मुलाच्या दातांतील फट सुळे येताच बहुधा आपोआप मिटते. 'फटीचे दात भाग्याचे' म्हणणाऱ्या आजीबाईंचा सबुरीचा सल्ला येथे शास्त्राला धरूनच ठरतो. उलट, चाळिशीत नव्याने फट पडू लागली, तर हिरड्यांचा रोग आधी तपासावा. तंबाखूमिश्रित खर्रा चघळणाऱ्यांच्या बाबतीत तर हे विशेषच, कारण तंबाखू हिरड्यांचा घात करते आणि नव्या कॉम्पोझिटवर डागही पाडते.

हे काम काही वर्षे टिकते, जन्मभर नव्हे. सुपारी फोडण्याची व ऊस सोलण्याची कामगिरी मात्र त्या दातांकडे सोपवू नये. टवका उडालाच, तर तेवढाच भाग नव्याने लावता येतो, आणि खालचा दात बहुतेक होता तसाच असतो.