वळणावर पेट्रोल कुठे पळतं?

दोस्तांनो, आज एक गुप्तहेरगिरी करू या. साठ वर्षांपूर्वीची, शर्यतीत पळणारी एक मोटार आहे. टाकी निम्म्याहून जास्त भरलेली, इंजिन ठणठणीत. सरळ रस्त्यावर ती सुसाट धावते. पण डावं वळण जोरात घेतलं की इंजिन खोकतं, ‘मिसिंग’ मारतं. वळण संपलं की पुन्हा गुणी बाळ! गंमत म्हणजे उजव्या वळणावर तिला काहीच होत नाही. सांगा पाहू, गुन्हेगार कोण?

आधी संशयिताची ओळख करून घेऊ. जुन्या गाड्यांच्या इंजिनावर कार्बोरेटर नावाचं एक यंत्र असे. हवेत पेट्रोलचा फवारा मिसळून ते मिश्रण इंजिनाला पुरवायचं, हे त्याचं काम. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते, म्हणून माप सांभाळावं लागतं. कार्बोरेटरला पेट्रोलची एक छोटी वाटी असते आणि तिच्यात एक पोकळ फ्लोट तरंगत असतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो ना, अगदी तसा. वाटी भरली की फ्लोट वर येतो, एक सुई दाबतो आणि पेट्रोलची वाट बंद करतो. पातळी उतरली की वाट उघडतो. वाटीतलं पेट्रोल जेट नावाच्या बारीक भोकातून नळीत जातं. त्या नळीचं तोंड वाटीतल्या पातळीपेक्षा काही मिलीमीटरच वर असतं. इंजिन हवा ओढतं, तेव्हा अरुंद जागेतून वेगाने जाणाऱ्या त्या हवेचा दाब घटतो आणि पेट्रोल नळीतून वर ओढलं जातं.

म्हणजे सगळा खेळ पातळीचा! आणि वळणावर नेमकी तीच बिघडते.

गाडी डावीकडे वळली, तरी वाटीतल्या पेट्रोलला सरळच जायचं असतं. त्यामुळे ते उजव्या भिंतीवर चढतं. किती चढतं? गणित सोपं आहे. समजा, गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर आहे आणि वळणाची त्रिज्या २० मीटर आहे. वेगाचा वर्ग १००, त्याला २० ने भागलं की आले ५. पृथ्वीचं गुरुत्वत्वरण ९.८, म्हणजे आडवा जोर गुरुत्वाच्या साधारण निम्मा झाला. एवढ्याने पेट्रोलचा पृष्ठभाग सुमारे २७ अंशांनी तिरका होतो! वाटी ५ सेंटिमीटर रुंद असेल, तर एका कडेला पेट्रोल सव्वा सेंटिमीटर चढतं आणि दुसऱ्या कडेला तेवढंच उतरतं. वेग दुप्पट केला, तर आडवा जोर चौपट होईल. अर्थात, तोवर टायर घसरून गाडी रस्त्याबाहेर गेलेली असेल.

आता गुन्हा उलगडला का? आपल्या मोटारीतलं जेट वाटीच्या डाव्या कडेला आहे. डाव्या वळणावर ते उघडं पडतं आणि पेट्रोलऐवजी हवा ओढतं. कधी याच्या उलटही होतं. पेट्रोल नळीच्या तोंडातून आपोआप सांडतं, मिश्रण दाट होतं आणि मागून काळा धूर निघतो.

थांबा, दुसरा संशयितही आहे, मुख्य टाकी. तीत पेट्रोल कमी असलं की वळणावर ते एका कोपऱ्यात जमतं आणि पंपाच्या हाती हवा लागते. पण तेव्हा इंजिन लगेच अडखळत नाही, कारण वाटीतल्या साठ्यावर ते थोडा वेळ चालतं. म्हणून वळणात शिरताच खोकलं तर वाटी तपासा, जरा उशिराने खोकलं आणि टाकी रिकामी होत आलेली असली तर टाकी तपासा. टाकीचा उपाय म्हणजे आत आडव्या भिंती बसवायच्या, पेट्रोलची पळापळ थांबते.

वाटीचा उपाय मात्र हुशारीचा आहे. पृष्ठभाग तिरका झाला तरी वाटीच्या मधोमध पातळी जवळजवळ तेवढीच राहते. मग जेट मधोमध ठेवा आणि फ्लोट त्याच्या दोन्ही बाजूंना! शिवाय फ्लोटची बिजागरी अशी बसवा, की वळणाच्या धक्क्याने तो डावी-उजवीकडे झुलणार नाही. पेट्रोल सांडत असेल तर पातळी मिलीमीटर-दोन मिलीमीटर खाली घेतात, पण जास्त उतरवली तर जेट पुन्हा उपाशी.

पोर्शे ९११ च्या पहिल्या गाड्यांत तर कार्बोरेटरमधून फ्लोटच काढून टाकला होता. पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल चढवायचा आणि ठरावीक उंचीच्या कडेवरून जादाचं परत वाहून जायचं. पण ही युक्ती फार टिकली नाही. १९६६ मध्ये तिथे वेबर कंपनीचे फ्लोटवाले कार्बोरेटर आले.

हाच त्रास विमानांनाही झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची स्पिटफायर विमानं एकदम नाक खाली करून सूर मारू लागली, की वाटीतलं पेट्रोल वर उसळे, सुईची वाट उघडी राहून जादा पेट्रोल आत शिरे आणि इंजिन बंद पडे. जर्मन विमानांत पेट्रोल थेट इंजिनात फवारलं जाई, त्यामुळे ती बिनधास्त सूर मारत. बिअ‍ॅट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअरबाईंनी १९४१ मध्ये पेट्रोलच्या वाटेवर बरोब्बर मापाचं भोक असलेली एक छोटीशी चकती बसवली. इंजिनाला लागतं त्याहून जास्त पेट्रोल येणंच बंद झालं आणि विमानं बरीच सावरली. या बाईंनी १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ताशी १६० किलोमीटरहून जास्त वेगाने मोटरसायकलही पळवली होती!

मोटरसायकलवरून आठवलं. तिलाही कार्बोरेटर असे, मग वळणावर तिचं पेट्रोल का पळत नसे? कारण ती स्वतःच वळणाच्या आत झुकते. पेट्रोल जेवढं तिरकं होतं, साधारण तेवढीच वाटीही तिरकी होते. दोघांची फिट्टंफाट!

आता बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोल फवारणारं इंजेक्शन असतं, फ्लोटची वाटी नसते. तरी पेट्रोलची ही धाव तुम्हाला पाहता येईल. पारदर्शक बाटलीत थोडी हवा राहील इतकं पाणी भरा, झाकण घट्ट लावा आणि एसटीतून घाटातून जाताना ती मांडीवर आडवी धरा. बस डावीकडे वळली की हवेचा बुडबुडा कुठे जातो? पाणी जातं त्याच बाजूला, की उलट? पाहा आणि का ते आम्हाला लिहून कळवा.